नऊ नंबरची बस

बोटीच्या दिवशी सकाळी गुरुराजला एक सेफ्टी पिन लागायची. गाइडच्या बिल्ल्याची मूळची क्लिप कधीच मोडली होती आणि नवा बिल्ला मागायला त्याचा स्वभाव आडवा येत होता. दर वेळी तो हॉलमधून ओरडायचा, कृष्णवेणी स्वयंपाकघरातून तंजावरी मराठीत "पर्सांत अहे, घ्या" म्हणायची, तो घ्यायचा नाही आणि शेवटी तीच हात पुसत येऊन पिन काढून द्यायची. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर असल्या गोष्टीला कुणी भांडण म्हणत नाही. आज मात्र तिचे दोन्ही हात इडलीच्या पिठात मनगटापर्यंत बुडालेले होते, खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, म्हणून गुरुराजने पर्स उघडली. कापडी पर्स, जुन्या साडीच्या काठाची, तिनेच शिवलेली. आत कुंकवाची पुडी, डोकेदुखीच्या गोळ्या, देवळातल्या तुळशीचं वाळलेलं पान. पिना झाकणाच्या आतल्या बाजूला ओळीने लावलेल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी एक हिरवा गोल स्टिकर चिकटवलेला होता. त्यावर काळ्या ठसठशीत अक्षरात नऊचा आकडा. स्टिकरचा कोपरा कुठे दुमडलेला नव्हता. कुणीतरी तो अंगठ्याने दाबून, कडेने नख फिरवून, नीट बसवला होता.

"सापडली की नाही?" आतून आवाज आला. "सापडली," गुरुराज म्हणाला आणि बिल्ला लावताना पिन त्याच्या बोटात गेली. कॉफी अर्धी टाकून तो जिना उतरला. चेन्नईतल्या एग्मोर स्टेशनच्या मागची ती गल्ली, तिथला इस्त्रीवाला, दुधाची पाकिटं, सगळं रोजच्यासारखं होतं. तो स्टिकर त्याला ओळखायला दुसऱ्यांदा पाहावा लागला नाही. बोटीतून उतरलेल्या परदेशी पर्यटकांच्या खांद्यावर असे स्टिकर लावतात, एका बसचा एक आकडा आणि एक रंग, म्हणजे एका गाइडची माणसं दुसऱ्याच्या बसमध्ये जाऊन बसत नाहीत. डिसेंबरातल्या बोटीला त्याच्याकडे चार नंबर होता, पिवळा. हिरवा नऊ नंबर होता श्रीवत्सकडे.

रिक्षात बसल्यावर त्याने शहाण्या माणसासारखा विचार करायचं ठरवलं. स्टिकर घरात येण्याचे दोनच मार्ग. एक तर श्रीवत्स घरी आला होता, तो घरी नसताना, आणि स्टिकर त्याच्या शर्टावरून इथे राहिला. किंवा कृष्णवेणी त्या बसमध्ये बसली होती. यातलं वाईट कोणतं ते त्याला ठरवता येईना. पहिल्यात निदान चहा-कॉफीपुरती गोष्ट होती. दुसऱ्यात अख्खा दिवस होता: मैलापूरचं देऊळ, महाबलीपुरमचे दगड, जवळच्याच कोवळमचा किनारा, संध्याकाळी परत. त्या अख्ख्या दिवसात श्रीवत्स माइक हातात घेऊन बोलत होता आणि ती ऐकत होती. गुरुराज छप्पन वर्षांचा होता, कृष्णवेणी बावन्नची. श्रीवत्स जेमतेम पस्तिशीचा, दोन मुलांचा बाप, तिला मामी म्हणणारा. कुणी हे ऐकलं असतं तर पोट धरून हसलं असतं. पण मत्सराला वय कळत नाही की नातं कळत नाही, आणि आपण हास्यास्पद आहोत हे कळल्याने तो कमी होत असता तर जगात तो उरलाच नसता. वर आणखी हे, की श्रीवत्सला या धंद्यात आणलं होतं ते गुरुराजनेच. दोघांचे आजे तंजावरच्या एकाच गल्लीतले. पोराची नोकरी सुटली तेव्हा त्याची आई येऊन बसली होती, आणि कृष्णवेणीच म्हणाली होती, "आपलं पोर अहे, शिकवा तेला." त्याने शिकवलं. कुठे थांबायचं, म्हाताऱ्यांना पायऱ्यांवरून कसं उतरवायचं, उन्हात कुठल्या झाडाखाली उभं राहून बोलायचं. फक्त हसवायचं कसं ते त्याने शिकवलं नव्हतं. ते त्याला स्वतःलाच येत नव्हतं.

धक्क्यावर बोट लागलेली होती. पांढरीशुभ्र, मजल्यावर मजले. तिच्या शिडीवरून टोप्या आणि चष्मे घातलेली म्हातारी माणसं जपून उतरत होती. एजन्सीची ऋचा, पुण्याहून दोन वर्षांपूर्वी आलेली मुलगी, स्टिकरचे ताव घेऊन उभी होती. "काका, आजही चारच नंबर तुमचा. दोन जण खाली आलेच नाहीत, बोट लागली त्यांना. मागच्या दोन सीट रिकाम्या जातील." ती भराभर बोलली. तिची मराठी गुरुराजला नेहमीच जरा पळती वाटायची, पण आज त्याला त्यातला एकच शब्द ऐकू आला. रिकाम्या. त्याने पलीकडे पाहिलं. नऊ नंबरच्या बसच्या दाराशी श्रीवत्स एका गोऱ्या आजीबाईंच्या खांद्यावर हिरवा स्टिकर लावत होता, आणि तो लावता लावता काहीतरी बोलला, आणि त्या हसल्या. अजून बस हललीसुद्धा नव्हती आणि त्या हसल्या.

रिकाम्या जागांची गोष्ट सगळ्या गाइडना ठाऊक होती. प्रत्येक बोटीला कुणी ना कुणी आजारी पडतं, कुणाला ऊन सोसत नाही, कुणी आदल्या बंदरावर भांडून खोलीत बसून राहतं. त्यांची जागा मोकळीच जाते. मग बंदराच्या फाटकाबाहेर, युद्धस्मारकापाशी, बस मिनिटभर थांबते आणि कुणाची तरी मेहुणी, कुणाच्या तरी सासूबाई, ड्रायव्हरचा गावाहून आलेला भाऊ असं कुणीतरी चढतं. खांद्याला त्या बसचा स्टिकर लावायचा, मागे गप्प बसायचं, पाहुण्यांबरोबर फिरायचं, पाहुण्यांबरोबर जेवायचं. कुणी विचारत नाही. हा गुन्हा नव्हता, आणि हक्कही नव्हता. हा निव्वळ रिवाज होता. गुरुराजने तो कधी पाळला नाही. "आमच्या बसमध्ये नातलग चढत नाहीत," हे तो इतर गाइडांपुढे सांगायचा, आणि सांगताना त्याची मान थोडी ताठ व्हायची. कृष्णवेणीने एकदा विचारलं होतं. मुलगा वेंकट तेव्हा शाळेत होता. आता तो इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात शिफ्टवर जातो आणि महिन्यातून एकदा घरी जेवतो, म्हणजे किती जुनी गोष्ट. ती म्हणाली होती, "जागा रिकामी जाती म्हणतांत. मग मज बसवा की एकदा." तो वर्तमानपत्र वाचत होता. "ती पाहुण्यांची जागा," तो म्हणाला होता. "बायकोला फिरवायची ती बस नव्हे." ती बरं म्हणाली होती. तिने पुन्हा विचारलं नाही. आणि तिने पुन्हा विचारलं नाही याचा अर्थ विषय संपला, असं तो इतकी वर्षं समजत आला होता.

दिवसभर तो बोलला. माणसाचं तोंड सवयीनं चालतं आणि मन दुसरीकडे भटकतं, हे गाइडइतकं कुणाला ठाऊक नसेल. देवळाच्या गोपुराखाली त्याने रंग सांगितले, मोर सांगितला, चपला कुठे ठेवायच्या ते सांगितलं. महाबलीपुरमला त्या मोठ्या शिल्पापुढे उभा राहून हत्ती दाखवले, आणि शेवटी त्याने ठेवणीतलं मांजर काढलं. दगडात कोरलेलं एक मांजर, पुढचे पंजे वर करून तप करणारं, आणि त्याच्या पायाशी भक्तिभावाने जमलेले उंदीर. "सगळेच तप करतात," तो इंग्रजीत म्हणाला, "कुणी देवासाठी, कुणी जेवणासाठी." पाहुणे नेहमीसारखे मंद हसले. हे वाक्य त्याने स्वतः तयार केलं होतं. बोटीच्या दिवशी न्हाणीघरात अंगावर पाणी घेताना तो सगळं भाषण एकदा मोठ्याने म्हणत असे, आणि ते संपेपर्यंत बाहेर कॉफी तयार असे. म्हणजे कृष्णवेणीने हे मांजर किती वेळा ऐकलं असेल! भिंतीआडून, मोरीच्या पाण्याच्या आवाजातून. त्याला एकाएकी आठवलं, की श्रीवत्स हे मांजर वेगळं सांगतो. तो म्हणतो, हे आमच्या ऑफिसचे मॅनेजर, आणि हे उंदीर पगारवाढीसाठी रांगेत उभे आहेत. यावर बसच्या बस हसते. ती हसली असेल का? तिचं हसणं कसं असतं? गुरुराजने ते आठवून पाहिलं. तिचं हुंकार देणं आठवलं, तिचं तोंडाला पदर लावणं आठवलं, तिचा वेंकटला हाक मारतानाचा आवाज आठवला. मोठ्याने हसणं मात्र आठवेना. ती हसतच नसेल असं नाही. आपल्यापुढे हसत नसेल. उन्हात त्या दगडापुढे उभं राहून त्याला घाम फुटला, आणि पाहुण्यांतल्या एका बाईंनी त्याला आपली पाण्याची बाटली देऊ केली.

कोवळमला बसगाड्या पोचल्या तेव्हा ऊन कललं होतं. पाहुण्यांसाठी किनाऱ्याचा एक तुकडा दोऱ्या लावून राखलेला असतो, छत्र्या, खुर्च्या, शहाळी. दोन तास मोकळे. पाहुणे कपडे बदलून पाण्याकडे धावतात, सत्तरीचे लोक शाळकरी पोरांसारखे किंचाळतात, आणि गाइड कोरड्या वाळूवर उभे राहून चपलांवर आणि चष्म्यांवर लक्ष ठेवतात. गुरुराज नेहमी बुटांतच असायचा. काळे, पॉलिश केलेले बूट. इतक्या बोटी झाल्या पण त्याने कधी पाण्यात पाय घातला नव्हता. त्याच्या आईचा दंडक होता: पिंपळाला शनिवारीच शिवायचं आणि समुद्राला पर्वणीलाच. एरवी दुरून नमस्कार. आई गेल्यावरही तो दंडक घरात तसाच राहिला. माणसं जातात, नियम जात नाहीत. कृष्णवेणीही वर्षातून एकदा, आषाढातल्या अमावास्येला, मरीनाच्या किनाऱ्यावर जाऊन भटजींनी सांगितल्याप्रमाणे डोक्यावरून तीन ओंजळी घेई. संकल्प म्हणून होताच, वेळ न दवडता, ओल्या साडीने रिक्षात बसून परत. समुद्राशी तिचा एवढाच व्यवहार. निदान त्याला ठाऊक असलेला.

श्रीवत्स दोन शहाळी घेऊन आला. "घ्या मामा. आज तुम्ही लई गप्प दिसताव." गुरुराजने शहाळं घेतलं. त्याने बरंच काही ठरवून ठेवलं होतं, आडून विचारायचं, हसत विचारायचं, पण तोंडातून निघालं ते सरळच. "डिसेंबरात मामी तुझ्या बसमध्ये होती?" श्रीवत्सच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. तेच त्याला जास्त लागलं. "हो की मामा! तुम्हींच पाठवलांत ना? मामी म्हणाल्या, ह्यांच्या गाडीत जागा नाही, तुझ्यात बस म्हणाले. वॉर मेमोरियलपाशी उभ्या होत्या." लाटेने कुणाची तरी चप्पल ओढली आणि कुणीतरी ओरडलं. गुरुराजने नळीतून एक घोट घेतला. पाणी गोड होतं याचाही त्याला राग आला. "हो," तो म्हणाला. "मीच पाठवलं." असं म्हटल्याने निदान त्या दिवसात आपला थोडा वाटा होतो, असं त्याला वाटून गेलं. चोरलेल्या वस्तूची पावती स्वतःच्या नावाने करून घ्यावी तसं.

"ऐयो मामा, मामी म्हणजे!" श्रीवत्सला आता थांबवणं शक्य नव्हतं. "ते शिल्पापाशी मी हत्ती सांगत होतो, तर मागून मज हळू सांगतात, आता मांजर सांग. अस्की, पहिल्यापासून शेवटपर्यंत, ठाऊक अहे त्यांस. मी सांगितलं तर इतक्या हसल्या, इतक्या, की डोळ्यांत पाणी. आणि इथं आल्यावर चपला काढल्या त्या काढल्या. त्या तिकडे, ते दगडापर्यंत, एकट्याच. दोन तास. मी भ्यालो मामा, तुमच्या बायकोला काही झालं तर तुम्ही मज सोडणार की? पण एक इटालियन आजी गेल्या त्यांच्याकडे, हात धरला. दोघींस एकमेकींचा एक शब्द कळत नाही. दोघी उभ्या. लाट आली की दोघी ओरडायच्या." तो हात पसरून दाखवत होता. गुरुराजने तिकडे पाहिलं. ते दगड होते, पाणी होतं, आणि तिथे आता एक लठ्ठ माणूस लाल चड्डीत उभा होता. गुरुराजला त्या इटालियन आजीचा हेवा वाटला, त्या लाटेचा वाटला, आणि श्रीवत्सचा तर वाटलाच, कारण श्रीवत्सने ते पाहिलं होतं. माणसाच्या बायकोचं असं काही जगात असतं आणि ते परक्यांना दिसतं, आणि त्याला मात्र पिन शोधताना कळतं! त्या दिवशी तो इथेच होता. याच किनाऱ्यावर, दोरीच्या पलीकडे, आपल्या पिवळ्या आकड्याच्या माणसांच्या चपला राखत. त्याने एकदा जरी मान वळवली असती तरी ती दिसली असती.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा कृष्णवेणीने दिवा लावला होता. तिने पाणी दिलं आणि नेहमीसारखं विचारलं, "कसे होते लोक?" हा प्रश्न ती प्रत्येक बोटीच्या संध्याकाळी विचारायची आणि तो नेहमी म्हणायचा, "होते. लोकांसारखे." आज तो सोफ्यावर बसून बुटांच्या नाड्या सोडत राहिला. दिवसभर त्याने मनात जे खटले चालवले होते त्यांतला एकही आता उभा राहीना. "तू नऊ नंबरच्या बसमध्ये गेली होतीस," तो म्हणाला.

"गेले होते," ती म्हणाली. आवाजात भीती नव्हती. "पर्सांत पाहा, पर्सांत पाहा म्हणून दर बोटीस तुम्हांस मीच सांगते ना? आज पाहिलांत."

 रागावायची तयारी करून यावं आणि समोरच्याने दार उघडंच ठेवलेलं असावं. "मज विचारायचं होतंस," तो म्हणाला.

"विचारलं होतं."

"तेव्हा वेंकट लहान होता. त्यानंतर किती..."

"तुम्हीही विचारलं नाही त्यानंतर." ती खुर्चीवर बसली. तिच्या हातात वाती होत्या, त्या ती वळत राहिली. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि दोघंही ती संपेपर्यंत थांबली. मग गुरुराजने मनातलं खरं विचारलं. "त्याच्या बोलण्यावर हसलीस म्हणे. खूप."

कृष्णवेणीने वर पाहिलं. तिच्या तोंडाच्या कडेला काहीतरी हललं, ते हसू होतं की आणखी काही ते त्याला कळलं नाही. "ऐयो," ती म्हणाली, "म्हणून का दिवसभर पिनेसारखं टोचून घेतलांत? श्रीवत्साच्या बोलण्यावर?" तिने वात ताटलीत ठेवली. "तेचं मांजर काही तुमच्या मांजराहून मोठं नाही. तुमचं मांजर मज पाठ अहे. पण तुमचं मांजर मी नेहमी भिंतीआडून ऐकलं. तेकडे मी दगडातल्या मांजरासमोर उभी होते. मज हसू आलं."

पुढच्या बोटीला ये, असं तो म्हणाला तेव्हा त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. आपण एवढं औदार्य दाखवतो आहोत, आपला नियम मोडतो आहोत, माझ्या बसमध्ये ये, पुढची जागा देतो, असं सगळं त्या तीन शब्दांत होतं. तिने नवी वात वळायला घेतली. "येते," ती म्हणाली. "पण श्रीवत्साच्या बसमधी."

"का?"

"तुमच्या बसमधी मी गाइडाची बायको. पाय भिजले तर तुम्ही पाहाल. मोठ्यानं हसले तर पाहाल. पर्वणी नाही म्हणाल, नाही म्हणालांत तरी तोंडावर दिसेल." तिने वातींची ताटली बाजूला सारली. "नऊ नंबरात मी कुणी नव्हते. तो स्टिकर लावला न्‌ मी पाहुणी झाले. दिवसभर मज कुणी काही मागितलं नाही. उलट मज विचारायचे, पाणी पाहिजे का, बसता का, फोटो काढू का." ती उठली आणि कुकर उतरवायला गेली. "जेवायला या," आतून म्हणाली.

मग मार्चच्या शेवटी मोसमातली अखेरची बोट आली. मधल्या दिवसांत गुरुराजने श्रीवत्सला सांगून ठेवलं होतं, मामीला बसव. सकाळी त्याने स्वतः पर्स उघडून पिन घेतली. स्टिकर तिथेच होता. बंदराच्या फाटकातून आधी चार नंबरची बस निघाली. युद्धस्मारकापाशी पदपथावर कृष्णवेणी उभी होती, निळी सुती साडी, हातात तीच पर्स, सावलीच्या कडेला. गुरुराज माइकमध्ये बोलत होता, डावीकडे पाहा म्हणत होता, आणि सगळी बस डावीकडे पाहत असताना त्याने उजवीकडे तिच्याकडे पाहिलं. तिने त्याच्या बसकडे पाहिलं नाही. ती मागच्या बसची वाट पाहत होती. एखादी बाई स्टँडवर आपल्या गाडीची वाट पाहते तशी, येणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर वाचत. गुरुराजचं पुढचं वाक्य हरवलं. वर्षानुवर्षं पाठ असलेलं वाक्य. "सर?" पुढच्या सीटवरच्या गृहस्थाने विचारलं, "डावीकडे काय आहे?" "समुद्र," गुरुराज म्हणाला.

देवळात त्याने तिला पाहिलं नाही. महाबलीपुरमला दोन्ही घोळके एकाच वेळी आले, आणि तो हत्तींपाशी असताना पलीकडून हसण्याचा लोट आला. त्या लोटात एक हसणं होतं, जाड, मोकळं, शेवटी खोकल्यात मोडणारं. ते कुणाचं ते ओळखायला त्याला वेळ लागला. ओळखल्यावर त्याने स्वतःचं मांजर सांगितलंच नाही. आपल्या पाहुण्यांना घेऊन तो पुढे गेला. मत्सर म्हणजे आग असं लोक म्हणतात. त्याला तो आग वाटला नाही. कुणाच्या तरी घरात लग्न चाललंय आणि आपण समोरच्या ओट्यावर बसून त्यातली गाणी ऐकतोय, असं त्याला वाटलं. आमंत्रण होतं. त्यानेच ते इतकी वर्षं परत केलं होतं.

कोवळमला तो कोरड्या वाळूवर आपल्या नेहमीच्या जागी उभा राहिला. या वेळी मान वळवून. कृष्णवेणी गुडघाभर पाण्यात होती, साडी ओचा मारून वर खोचलेली, एका हाताने कुणा गोऱ्या बाईंचा हात धरलेला. लाट आली की दोघी मागे सरत आणि मग लाजून पुढे जात. तिच्या खांद्यावर हिरवा नऊ होता. श्रीवत्स दूर कुणाला तरी टॉवेल देत होता, त्याचं तिकडे लक्षही नव्हतं, आणि तरी गुरुराजची असूया तशीच होती. आता श्रीवत्ससाठी नव्हती ती. मग कुणासाठी होती? त्या पाण्यासाठी, त्या बाईंसाठी, त्या स्टिकरसाठी, तिच्या त्या अंगासाठी जे भिजायला निघालं होतं आणि ज्याला त्याची गरज पडली नव्हती. तिने त्याला पाहिलं. चेहऱ्यावर ओळख न दाखवता ती पाण्यातून चार पावलं वर आली आणि फोन पुढे करून इंग्रजीत म्हणाली, "गाइड, वन फोटो प्लीज."

"हे आपले गाइड नाहीत," ती बाई म्हणाली. "आपले ते तिकडे."

"परवाइल्लै," चालतंय अशा अर्थाने कृष्णवेणी तमिळमध्ये म्हणाली. "गाइड इज गाइड."

गुरुराजने फोन घेतला. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांचे फोटो काढले होते, अनोळखी नवराबायकोंचे, आजीआजोबांचे, सूर्याकडे पाठ करून, क्षितिज सरळ ठेवून. कृष्णवेणी पुन्हा पाण्यात गेली, मघापेक्षा आत, आणि वळून उभी राहिली. पडद्यावर उन्हाची चकाकी होती. तिची आकृती दिसत होती, चेहरा दिसत नव्हता. "जवळ या," ती ओरडली. तो ओल्या वाळूपर्यंत गेला. अजून दिसेना. आजची तिथी त्याच्या मनात आपोआप आली, सप्तमी, काही पर्वणी नाही, काही नाही. त्याने पुढे पाऊल टाकलं. लाट आली आणि काळ्या बुटांत पाणी शिरलं, मोज्यांत शिरलं, पँट पोटऱ्यांना चिकटली, वाळू टाचेखालून सरकली आणि त्याचा तोल गेला, आणि तो दोन्ही हातांनी फोन डोक्यावर धरून बावळटासारखा डुलला. कृष्णवेणी हसली. तोंडाला पदर न लावता, खोकल्यात मोडेपर्यंत. तेच हसणं, आणि ते त्याच्यावरच होतं. पडद्यात आता तिचा चेहरा नीट दिसत होता. त्याने बटण दाबलं नाही. एकदा दाबलं की फोटो झाला, आणि फोटो झाला की ती आपल्या बसकडे जाणार. "काढा, काढा," ती गोरी बाई म्हणाली. त्याने दाबलं.

ती बाहेर आली, फोन घेतला, फोटो पाहिला आणि म्हणाली, "थँक्यू." तिच्या खांद्यावरचा स्टिकर भिजून एका कडेने सुटला होता, वाऱ्यावर फडफडत होता. तो पडला असता तर परतीच्या वेळी तिला नऊ नंबरच्या बसमध्ये कुणी चढू दिलं असतं की नाही, कोण जाणे. कदाचित चारमध्ये जागा शोधावी लागली असती. हा विचार त्याच्या मनात आला आणि बराच वेळ तिथे थांबला. मग त्याने हात पुढे केला, स्टिकर अंगठ्याने तिच्या खांद्यावर दाबला आणि कडेने नख फिरवलं, एकही कोपरा दुमडू न देता. श्रीवत्सने लांबून शिट्टी वाजवली. नऊ नंबरची बस आधी सुटणार होती.